एका नाण्याचा न्याय

दिवाळी अंकातील समीक्षेच्या पंक्तीला कथा, कादंबरी, कविता आणि नाटक ही मानाची मंडळी बसलेली असतात. चित्रपटाला तेथे पाट मिळाला, तोही बराच काळ दारात ताटकळल्यावर. त्याच पंक्तीत व्हिडिओ गेमसाठी एक पान वाढावे, असे कोणी सुचविले तर यजमानाच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. खेळ तो खेळ. त्याचा आस्वाद कसला घ्यावयाचा आणि समीक्षा तरी कसली करावयाची? शिवाय हा खेळ पोरांचे पैसे, वेळ आणि डोळे ह्या तिन्हींचा घास घेणारा, अशी त्याची घरोघरी ख्याती! ह्या ख्यातीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या वस्तूवर आपण इतक्या सहजपणे निकाल देतो, ती वस्तू एकदा जवळ जाऊन नीट पाहिली होती काय, एवढे विचारण्याचा हक्क समीक्षकाला असावा. तेवढ्याच हक्काच्या बळावर हा लेख लिहीत आहे.

ह्या खेळांच्या इतिहासात साधारणतः १९७८ ते १९८३ ह्या पाच-सहा वर्षांना सुवर्णयुग म्हणण्याचा प्रघात आहे. त्याआधी, १९७२ साली, अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाचा खेळ बाजारात आणला होता. दोन उभ्या रेघा म्हणजे दोन फळ्या, आणि त्यांच्यामध्ये टोलविला जाणारा एक ठिपका. एवढाच त्याचा संसार. पुढे १९७८ साली जपानच्या तायतो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो ह्यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी ह्यांचा ‘पॅक-मॅन’ आला. १९८१ साली शिगेरू मियामोतो ह्या तरुण चित्रकाराने निन्टेन्डोसाठी ‘डाँकी काँग’ काढला, आणि त्याच वर्षी डोना बेली व एड लॉग ह्या जोडीने अटारीसाठी ‘सेंटिपीड’ केला. माणसाएवढ्या उंचीची लाकडी पेटी, तिच्यात पडदा, पडद्याखाली एक दांडी नि दोन-तीन बटणे, आणि पोटाशी नाणे टाकण्याची फट. नाणे टाकले की खेळ सुरू. तीन ‘लाइफ’ संपल्या की खेळ खलास.

आपल्याकडे हे युग आले ते शिळे होऊन. १९९१ पूर्वी परदेशी मालावरची बंधने आणि जकात इतकी होती, की अशी पेटी मुंबईपर्यंत येणेच मोठे मुश्किलीचे. मग सोलापूरसारख्या गिरणगावाची काय कथा! आपल्या गावागावांतून व्हिडिओ गेमची दुकाने फोफावली ती मुख्यतः नव्वदीच्या दशकात. तोवर पश्चिमेकडे ह्या कलेचे दुसरे पर्व सुरू झाले होते. म्हणून आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या गृहस्थाला त्या दुकानाची आठवण विचारा. तो ‘पॅक-मॅन’चे नाव घेणार नाही, ‘मुस्तफा’चे घेईल. ह्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातील चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा. आपल्या पोरांनी त्याच्यावर जीव लावला आणि साऱ्या खेळाचेच बारसे नव्याने केले. एखादी परकी गोष्ट जनतेने आपलीशी केली, ह्याची खूण म्हणजे तिला दिलेले घरगुती नाव. त्या दृष्टीने ‘मुस्तफा’ हा खेळ अर्धा आपलाच म्हटला पाहिजे. परंतु सुवर्णयुगातील खेळांशी त्याची तुलना केली म्हणजे एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. तो सांगण्यापूर्वी सुवर्णयुगातील खेळांचा घाट कसा होता, हे पाहिले पाहिजे.

तो समजण्यास सोलापूरच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. घरातली एखादी सोलापुरी चादर घ्या आणि तिच्यावरचा मोर अगदी डोळ्यांजवळ धरून पाहा. दुरून वळणदार दिसणारी त्याची मान जवळून पायऱ्या-पायऱ्यांची दिसेल. कारण हा मोर मुळात चौकटींच्या कागदावर जन्मलेला असतो. कोणती चौकट भरावयाची आणि कोणती रिकामी ठेवावयाची, हे नक्षीदाराने ठरविले, की तदनुसार पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत भोके पडतात, आणि जकार्डच्या मागावर त्या भोकांच्या हुकमाने ताण्याचे धागे वर उचलले जातात. फ्रान्सच्या जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने त्याची भोके पाडलेली पट्टी आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात उचलली. म्हणजे आजच्या संगणकाचे आजोळ विणकराच्या घरी आहे, असे म्हटले तर ते सर्वस्वी अलंकारिक होणार नाही.

व्हिडिओ गेमचा पडदाही असाच चौकटींचा कागद. ‘पॅक-मॅन’च्या साऱ्या पडद्यावर आडव्या २२४ आणि उभ्या २८८ चौकटी, त्यांत खेळाडूच्या वाट्याला आलेले पिवळे तोंड जेमतेम सोळा चौकटींच्या घरात बसविलेले. एवढ्या तुटपुंज्या जागेत चेहरा काढावयाचा, आणि तो लांबून ओळखू आला पाहिजे! नक्षीदाराची हीच अडचण आणि हेच त्याचे भाग्य. कमी धाग्यांत मोर उभा करावयाचा म्हणजे मोराचे मोरपण कशात आहे, हे त्याला आधी शोधून काढावे लागते. इवातानींनी वर्तुळाची एक फोड काढून टाकली आणि उरले ते खाणारे तोंड. जपानी भाषेत गपागप खाण्याच्या आवाजाला ‘पाकु पाकु’ म्हणतात. त्या आवाजावरून ह्या खेळाचे नाव पडले. तोफा-बंदुकांच्या त्या गर्दीत मुलींना आणि जोडप्यांनाही खेळावासा वाटेल असा खेळ करावा, ह्या इच्छेने त्यांनी ‘खाणे’ हा विषय निवडला होता. विषय साधा, साधने अल्प, आणि आकृती अशी की चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही ती पुसली गेलेली नाही.

ह्याच अल्प साधनांनी कधीकधी कलावंताला न मागता दान दिले. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये पाच रांगांत मिळून पंचावन्न आक्रमक वरून खाली सरकत येतात आणि खालच्या एकाकी तोफेने त्यांना टिपावयाचे असते. त्या यंत्राचा मेंदू इतका मंद होता, की पंचावन्न आकृती हलविताना त्याची दमछाक होई. एकेक आकृती नाहीशी होऊ लागली की त्याचे ओझे हलके होई आणि उरलेल्या आपोआप जलद पळू लागत. निशिकादोंच्या हे ध्यानात आले. हा दोष मानून तो काढून टाकण्याऐवजी त्यांनी तो राहू दिला. त्याला जोड होती चार खर्ज स्वरांच्या एका आवर्तनाची. आक्रमक कमी होत जातात तसतसे तेही वेग घेते. शत्रू घटत आहे, पण भय वाढत आहे! विलंबितातून द्रुतात जाणाऱ्या लयीचा परिणाम आपल्या रसिकांना नव्याने सांगावयास नको. ह्या खेळात चरित्र नाही, कथानक नाही, जीवनभाष्य नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तबल्याच्या कायद्यात तरी कोणते कथानक असते? त्याचा आस्वाद आपण लयीच्या अंगाने घेतो. ह्या खेळांचा आस्वादही त्याच अंगाने घ्यावयास हवा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हा सारा धंदा होता, आणि धंद्याचा हिशेब उघड होता. एका नाण्यात एकच गिऱ्हाईक तासभर चिकटून राहिले तर पेटीवाल्याचे दिवाळे वाजावयाचे. म्हणून खेळाडूला काही मिनिटांत हरविणे यंत्राला भागच होते. सुवर्णयुगातील बहुतेक खेळांत खऱ्या अर्थाने विजय नाहीच. एक फळी साफ केली की दुसरी अधिक वेगाने येते. शेवट ठरलेला आहे, तो पराभवाचा. मात्र येथेच दुसरा हिशेब आडवा येतो. खेळाडूला वाटले की आपल्याला फसवून हरविले, तर तो दुसरे नाणे टाकणार नाही. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडताना नळी वाकडी असल्याचा संशय आला की आपण बंदूक खाली ठेवतो आणि पुढच्या पालाकडे वळतो. आमच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर संक्रांतीच्या दिवसांत फिरलेल्या कोणालाही हा संशय परिचयाचा असेल. तेव्हा यंत्राने हरवावयाचे खरे, पण असे हरवावयाचे की हरणाऱ्याने स्वतःशी म्हणावे, ‘चूक माझीच झाली, डावीकडे वळावयास हवे होते.’ ह्या दोन हिशेबांच्या कात्रीतून एक दुर्मीळ गुण जन्मास आला. त्याला मी पराभवाचा प्रामाणिकपणा म्हणतो. ह्या युगाला सुवर्णयुग म्हणावयाचे ते ह्या गुणासाठी.

‘पॅक-मॅन’चेच उदाहरण घ्या. चक्रव्यूहात २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. त्या खात असताना चार भुते पाठीस लागतात. पाहणाऱ्याला ती चारी सैरावैरा धावताना दिसतात, परंतु चौघांचे स्वभाव निरनिराळे आहेत. तांबडे भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत तुम्ही जेथे जाणार त्या पुढच्या जागेवर नेम धरते. निळसर भूत तांबड्याच्या आणि तुमच्या जागांचा मेळ घालून वाट अडवते. नारिंगी भूत मोठ्या तोऱ्याने चालून येते आणि जवळ आले की कच खाऊन आपल्या कोपऱ्यात परतते. शिवाय खेळाडूने नेमक्या त्याच वाटा नेमक्या त्याच क्षणी चोखाळल्या, तर भुतेही नेमकी तशीच वागतात. येथे शकुनीचे फासे नाहीत. युधिष्ठिराच्या द्यूतात आणि ह्या खेळात हाच तर फरक आहे! तेथे कितीही वेळा खेळले तरी शहाणपण वाढण्यास वाव नव्हता. येथे प्रत्येक पराभव काही शिकवून जातो. कुस्तीच्या आखाड्यात निकाली कुस्तीला जो मान असतो, तो ह्यासाठीच. चीतपट झालेला मल्ल अंगाची माती झाडतो आणि कोणत्या डावावर आपण सापडलो हे त्याला पुरते ठाऊक असते.

आणि ही निकाली कुस्ती कधी यंत्रावरही उलटते. ‘पॅक-मॅन’ची पातळी मोजणारा आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. कोणी खरोखरच २५६ व्या पातळीला पोचला, तर यंत्राचा हिशेब चुकतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या नि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. एवढ्या दूरवर कोणी येईल असे कर्त्यांना वाटले नव्हते. माणसे तेथवरही गेली आणि ३३,३३,३६० ही गुणांची अखेरची मर्यादाही गाठली गेली. मर्त्य खेळाडूपुढे अखेर यंत्रानेच हात टेकावे, ह्यात काव्य नाही असे कोण म्हणेल?

पराभवाचा हा घाट अर्थपूर्ण करून दाखविणारी ह्या युगातील कृती म्हणजे १९८० सालचा ‘मिसाइल कमांड’. अटारीच्या डेव्ह थ्यूरर ह्यांनी तो रचला. पडद्याच्या तळाशी सहा शहरे आहेत. आकाशातून अण्वस्त्रे उतरत आहेत. तीन तळांवरून, प्रत्येकी दहा क्षेपणास्त्रांच्या मोजक्या साठ्यावर, शहरे वाचवावयाची. शीतयुद्धाचे ते दिवस. थ्यूरर ह्यांना स्वतःला ह्या खेळाच्या काळात अणुस्फोटाची दुःस्वप्ने पडत असत. खेळाडू निष्णात झाला की त्याला एक भयंकर हिशेब कळू लागतो: साठा सर्वांना पुरणार नाही, कोणते शहर सोडून द्यावयाचे, हे आपणच ठरवावयाचे आहे. अखेर सारी शहरे जातात. तेव्हा इतर खेळांप्रमाणे ‘खेळ संपला’ असे शब्द येत नाहीत. स्फोटाच्या झगमगाटात केवळ ‘शेवट’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उमटतात. शोकात्मिकेचा प्रेक्षक शेवट जाणूनही खुर्चीत बसून राहतो. येथे तो बसून राहत नाही. शेवट जाणूनही हात चालवीत राहतो. हा अनुभव नाटकाने वा कादंबरीने देता येण्यासारखा नाही. एखाद्या माध्यमाला स्वतःचे असे काही सांगता आले, की त्याला कलेच्या दारात अडविणे कठीण होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली ‘पॅक-मॅन’ आणि पुढच्या वर्षी ‘पाँग’ व ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आपल्या संग्रहात घेतले, ते उगाच नव्हे.

ह्या स्तुतीने त्या युगातील सारे काही सोन्याचे ठरते, असा गैरसमज मात्र नसावा. एक खेळ चालला की त्याच्या नकलांचा बाजार भरे. बहुतेकांचा विषय एकच, गोळी घालणे. ‘डाँकी काँग’मध्ये चढ-उताराची गंमत अपूर्व आहे, परंतु वानराने पळविलेली स्त्री शेवटपर्यंत मदतीसाठी हात हलवीत उभी राहते, तिला करण्यासारखे काही दिलेले नाही. आणि मुलांच्या खिशातील नाण्यांवर हा सारा डोलारा उभा होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत असताना रुपयाची किंमत काय होती, हे सोलापूरच्या घराघराला ठाऊक आहे. पोराने दुकानात रुपया घालविल्यावर मार देणारा बाप रसिक नव्हता, पण अन्यायीही नव्हता.

आता तो राहून गेलेला भेद. १९८५ साली अटारीच्याच ‘गाँटलेट’ ह्या खेळाने नवी वहिवाट पाडली. त्यात खेळाडूची शक्ती नुसता वेळ गेला तरी झिजत जाते, आणि नाणे टाकले की पुन्हा भरते. त्या दशकात ‘मेल्यावर नाणे टाका आणि तेथूनच पुढे चला’ ही सोय सर्वत्र रूढ झाली. आपला लाडका ‘मुस्तफा’ ह्याच घराण्यातला. तीन मित्रांनी खांद्याला खांदा लावून एकाच वेळी खेळण्यात जे सख्य होते, ते ‘पॅक-मॅन’पाशी कधीच नव्हते, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. पण त्याची शेवटची ‘स्टेज’ गाठावयाची तर कौशल्याइतकाच खिसाही उपयोगी पडे. ज्याच्याजवळ रुपये अधिक, त्याचा मुस्तफा दीर्घायुषी! पराभव आता शिकवीनासा झाला. तो वर्गणी मागू लागला. सोन्यात तांबे मिसळले ते येथे.

ह्या भेदाचा विचार आपल्या देशात न्यायासनापुढेही झालेला आहे. सोलापूरच्या शेजारच्याच कर्नाटक राज्यातील व्हिडिओ गेम चालकांचा खटला १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. ह्या यंत्रांवर परवान्याचे बंधन असावे हे न्यायालयाने योग्य ठरविले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, आणि यंत्राशी छेडछाड करून खेळाडूची संधी हिरावून घेता येते काय, हे प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होते. एकाच नावाखाली ‘पॅक-मॅन’ही येतो आणि पत्त्यांच्या जुगाराचे यंत्रही येते, त्यांना निवडून वेगळे करावयाचे कसे? न्यायालयाचा हा प्रश्न आणि समीक्षकाचा प्रश्न मुळात एकच आहे.

आज तो प्रश्न दुकानातून उठून आपल्या दिवाणखान्यात आला आहे. नाण्याची फट मोबाइल फोनच्या काचेमागे लपली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. ते झाले जुगाराचे. परंतु जे खेळ जुगार नाहीत, तरीही मुलाला सुखाने हरू देत नाहीत आणि उठूही देत नाहीत, त्यांचे काय? दर थोड्या वेळाने अडवून जे पुढे जाण्याचा दाम मागतात, ते कायद्याच्या कक्षेत येवोत वा न येवोत, रसिकाच्या कक्षेत आलेच पाहिजेत. सारेच नवे खेळ तसे नाहीत. काही फार निगुतीने घडविलेले आहेत. त्यांची पारख करावयास कसोटी मात्र हवी, आणि ती सुवर्णयुगाने आपल्या हाती ठेवलेली आहे.

ती कसोटी तीन प्रश्नांची आहे. हरल्यावर आपण का हरलो, हे खेळणाऱ्याला कळते काय? जे कष्टाने मिळावयाचे, ते येथे पैशाने विकत मिळते काय? आणि ह्या खेळाला शेवट आहे काय? सुटीत मूल फोन घेऊन कोपऱ्यात बसले असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसून हे तीन प्रश्न त्यालाच विचारून पाहावेत. उत्तरे ऐकल्यावर ओरडावयाचे की नाही, हे ठरविता येईल. कदाचित एक डाव मागूनही घ्यावासा वाटेल.

कोणत्याही कलेच्या आरंभकाळात एक निरागस काटकसर असते. पुढे साधने वाढतात आणि तिचा विसर पडतो. पडद्याच्या चार चौकटींत तोंड काढणाऱ्या त्या पहिल्या कारागिरांना भव्य काही निर्माण करावयाचे नव्हते. त्यांना एका नाण्याच्या मोबदल्यात माणसाला काही मिनिटे द्यावयाची होती, आणि ती देताना त्यांनी मापात पाप केले नाही. गिऱ्हाइकाला हरवूनही त्याचा विश्वास कायम राखणारा धंदा जगात फारसा झालेला नाही. त्या खेळांना कला म्हणावे की कारागिरी, ह्याचा निवाडा विद्वान खुशाल करोत. विणकरांच्या ह्या गावात तरी त्या दोहोंत फार मोठे अंतर कधी मानले गेलेले नाही.